वरचा गिअर लवकर : अवजड वाहनांतील इंधनबचतीच्या एका उपदेशाचा इतिहास

(१)

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सातपूर लागते. एकेकाळचे हे शेतकऱ्यांचे गाव आज नाशिक महानगराचाच एक भाग झाले आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली, आणि त्यानंतरच्या काळात सातपूरच्या शिवारात औद्योगिक वसाहत वाढत गेली. १९६९ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनीने येथे कारखाना काढला. लोकांनी तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘मायको’ म्हटले. २००८ मध्ये कंपनीचे नाव बदलून ‘बॉश’ झाले, तरी नाशिककरांच्या तोंडचा ‘मायको सर्कल’ अजून मायकोचाच आहे. या कारखान्यात डिझेल इंजिनाची नोझल व इंजेक्टर ही अंगे तयार होऊ लागली. इंधनाचा फवारा किती बारीक असावा आणि तो सिलिंडरात कसा पसरावा, हे ज्या सूक्ष्म छिद्रांवर अवलंबून असते, ती छिद्रे या अंगांत असतात.

त्याच वसाहतीच्या फाटकांतून मालाने भरलेले ट्रक बाहेर पडतात आणि मुंबई–आग्रा रस्त्याला लागतात. इंधन वाचविण्याचे दोन मार्ग अशा रीतीने सातपुरात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक धातूच्या छिद्रातून जातो, दुसरा चालकाच्या डाव्या हाताखालच्या गिअरच्या दांड्यातून. पहिल्या मार्गाचा इतिहास पेटंटांच्या व कारखान्यांच्या दप्तरांत नोंदला जातो. दुसऱ्याचा इतिहास सहसा लिहिला जात नाही, कारण तो हाताच्या सवयीत व बोलीत साठलेला असतो.

‘वरचा गिअर लवकर टाका, डिझेल वाचवा’ हा या दुसऱ्या मार्गावरचा सर्वांत परिचित उपदेश होय. तो कोणत्या कारणांनी खरा आहे, कोणत्या परिस्थितीत पुढे आला, आणि देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या भाषेत त्याचे काय झाले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, हा उपदेश म्हणजे एक अर्धे वाक्य आहे. त्याचे उरलेले अर्ध म्हणजे भार, चढ आणि यंत्राची स्थिती यांच्या अटी. ते अर्ध चालकाला ठाऊक होते, पण कागदावर उतरले ते बहुधा पहिलेच.

(२)

प्रथम उपदेशाचे शास्त्र पाहू. सहा सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात प्रत्येक फेऱ्याला तीन ज्वलने होतात. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर ७२०० ज्वलने होतील, १६०० फेरे घेत असेल तर ४८००. गाडी त्याच वेगाने त्याच सपाट रस्त्यावर चालली असेल, तर तिला लागणारी शक्ती दोन्ही वेळा सारखीच असते. परंतु प्रत्येक फेऱ्यागणिक दट्ट्याचे घर्षण सोसावे लागते आणि तेलाचा पंप, पाण्याचा पंप व पंखा फिरवावा लागतो. हा खर्च गाडी पुढे नेण्याच्या कामी येत नाही. फेरे जितके जास्त तितका हा अनुत्पादक खर्च जास्त. म्हणून थोडे फेरे आणि दर ज्वलनात थोडे अधिक इंधन हा व्यवहार पुष्कळ फेरे व दर वेळी थोडे इंधन यापेक्षा किफायतीचा ठरतो. वरचा गिअर म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे कमी फेरे.

मात्र या नियमाला खालची मर्यादा आहे. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे आस फिरविण्याचा जोर, एका ठरावीक टापूत सर्वाधिक असतो. त्या टापूच्या खाली फेरे गेले आणि भार मात्र तसाच राहिला, तर इंजिन थरथरू लागते, अपुऱ्या हवेमुळे काळा धूर टाकते, आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी वेग घेत नाही. अशा वेळी इंधन वाचत तर नाहीच, उलट इंजिनाची व क्लचची झीज वाढते. तेव्हा ‘लवकर’ या शब्दाचा अर्थ ‘शक्य तितक्या लवकर’ असा नसून ‘योग्य त्या क्षणाला, त्याहून उशीर न करता’ असा आहे. तो क्षण रिकाम्या गाडीला वेगळा, भरलेलीला वेगळा. सपाटीवर वेगळा, चढावर वेगळा.

(३)

महाराष्ट्रात या प्रश्नाला संघटित रूप आले ते सार्वजनिक प्रवासी वाहतुकीच्या उदयाबरोबर. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. आरंभीच्या ताफ्यात बेडफर्ड, शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, अल्बियन, लेलँड अशा अनेक बनावटींची सरमिसळ होती. त्यांतील कित्येक पेट्रोलवर चालत. त्याच्या थोडेच आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या गाड्या या प्रांताने पाहिल्या होत्या. इंधन दुर्मिळ असते याचा अनुभव चालकांना नवा नव्हता. तथापि अशा मिश्र ताफ्यात सर्वांना लागू पडेल असा एकच गिअरचा नियम सांगणे अशक्यप्राय होते.

त्या काळच्या गिअरपेट्यांची रचना हाही एक अडथळा होता. त्यांतील बहुसंख्यांत दात्यांचा वेग आपोआप जुळविणारी योजना नव्हती. एका गिअरमधून दुसऱ्यात जाण्यासाठी क्लच दोनदा दाबावा लागे. चालक त्याला अजून ‘डबल क्लच’ म्हणतात. वेग जुळला नाही तर दाते करकरत, आणि चढावर गिअर हुकला तर गाडी थांबे किंवा मागे सरके. जेथे गिअर बदलणे ही जोखीम असते, तेथे मनुष्य तो कमी वेळा बदलतो आणि हाताशी आलेल्या खालच्या गिअरलाच धरून राहतो. ज्या सवयीला पुढे ‘इंधनाची नासाडी’ म्हटले गेले, तिच्या मुळाशी अशी सावधगिरी होती, हे इतिहासकाराने विसरू नये.

यंत्रांत एकसारखेपणा येऊ लागला तो सहाव्या दशकात. १९५४ मध्ये टाटांच्या जमशेदपूर येथील कारखान्याने डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशी सहकार्याचा करार केला. १९५५ मध्ये अशोक मोटर्स ही कंपनी अशोक लेलँड झाली. हळूहळू देशातील अवजड वाहतूक या दोन घराण्यांच्या डिझेल इंजिनांवर येऊन स्थिरावली. डिझेल इंजिन व्यापारी वाहनात वापरण्याजोगे झाले होते ते १९२७ पासून बॉशने मोठ्या प्रमाणावर बनविलेल्या इंधन-पंपामुळे. या पंपाला जोडलेला ‘गव्हर्नर’ फेऱ्यांची कमाल मर्यादा राखतो. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, गव्हर्नर अडवीपर्यंत प्रत्येक गिअर ताणण्याची सवय पुष्कळ हातांना लागली. इंजिनाची मर्यादा यंत्रच सांभाळते म्हटल्यावर कानाने ती सांभाळण्याची गरज उरली नाही.

(४)

उपदेशाला खरी निकड आली ती ऑक्टोबर १९७३ नंतर. अरब तेल-उत्पादकांच्या निर्बंधांनंतर खनिज तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून जानेवारी १९७४ पर्यंत जवळजवळ १२ डॉलरवर गेला. मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले ते फेब्रुवारी १९७४ मध्ये, पण त्याचा लाभ मिळण्यास अवधी होता. अमेरिकेत १९७४ साली महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. तेथील ट्रक-व्यवसायात प्रत्येक गिअर पूर्ण न ताणता पायरीपायरीने लवकर वर चढण्याची शिस्त शिकविली जाऊ लागली. इंजिनेही त्या शिस्तीला अनुकूल, म्हणजे कमी फेऱ्यांत अधिक टॉर्क देणारी, बनविण्यात आली. उपदेश आणि यंत्र तेथे हातात हात घालून बदलले.

भारतात १९७६ साली खनिज तेलाच्या बचतीसाठी एक कृतिगट नेमला गेला आणि १९७८ मध्ये त्यातून पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघ ही संस्था निघाली. चालकांचे प्रशिक्षण हे तिच्या कार्याचे एक प्रमुख अंग राहिले आहे. पुण्याजवळ भोसरी येथे मार्ग परिवहनाची केंद्रीय संस्था १९६७ पासून होतीच. टायरमधील हवा नीट ठेवा, उभ्या गाडीचे इंजिन बंद करा, वेग मध्यम ठेवा, योग्य गिअर वापरा, ही सूत्रे या काळात आगारांच्या भिंतींवर आली. मात्र आपल्याकडील गाडी, तिचा भार आणि तिचा रस्ता पुष्कळ काळ जवळपास पूर्वीचेच राहिले. अमेरिकेत जे काम चालक व यंत्र यांनी वाटून घेतले, ते येथे बऱ्याच अंशी चालकाच्या एकट्याच्या अंगावर पडले.

बचतीचे आकर्षण समजून घेण्यासाठी एक साधे गणित मांडू. समजा, एक बस रोज ३०० किलोमीटर धावते आणि लिटरला ४.५ किलोमीटर जाते. तिला ६६.७ लिटर डिझेल लागेल. तीच लिटरला ४.६ किलोमीटर गेली तर ६५.२ लिटर लागेल. बचत रोज दीड लिटराची. एका गाडीच्या हिशेबात ती नगण्य वाटते, पण अशा दहा हजार गाड्या असतील तर ती रोज सुमारे साडेचौदा हजार लिटर होते. दशांश चिन्हानंतरच्या एका अंकासाठी व्यवस्थापने एवढी का झटतात, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

(५)

येथे भाषेकडे वळणे आवश्यक आहे, कारण हा इतिहास शब्दांच्या व्याकरणातही नोंदलेला आहे.

जुन्या चालकाच्या बोलीत ‘गाडी गिअर मागते’ असा एक प्रयोग आहे. या वाक्यात कर्ता गाडी आहे. मागणी ती करते आणि चालक ती ऐकतो. ऐकण्याचे साधन म्हणजे कान, तळपाय आणि आसनातून येणारी थरथर. इंजिनाचा आवाज चढला की गाडी वरचा गिअर मागते, तो घोगरा होऊन दबला की खालचा मागते. वर उल्लेखिलेले अर्धे वाक्य आणि त्याच्या अटी, असे संपूर्ण ज्ञान या तीन शब्दांत सामावले आहे; कारण भरलेली गाडी वेगळ्या क्षणी मागते आणि रिकामी वेगळ्या.

दुसरा प्रयोग, ‘गाडी ॲव्हरेज चांगले देते’. इंग्रजीत ‘सरासरी’ एवढाच अर्थ असलेला हा शब्द मराठीत इंधनाच्या हिशेबापुरता संकुचित झाला आणि त्याला ‘देणे’ हे क्रियापद मिळाले. येथेही कर्ता गाडीच आहे. गाय दूध देते, जमीन पीक देते, तशी गाडी ॲव्हरेज देते. देणाऱ्याची निगा राखणे हे घेणाऱ्याचे काम, अशी नीती या क्रियापदात गृहीत आहे. ॲव्हरेज घसरले तर प्रथम नोझल, फिल्टर, टायर आणि ब्रेक तपासावेत, असे हे वाक्य सुचविते.

तिसरा प्रयोग आगाराच्या दप्तरातला, ‘चालकाचे के.एम.पी.एल.’. लिटरमागे जाणाऱ्या किलोमीटरांची ही आद्याक्षरे. येथे षष्ठी विभक्ती चालकाला लागली आहे. तोच आकडा पूर्वी गाडीचे दान होता, आता तो माणसाचा गुण झाला. राज्य परिवहनाच्या उपक्रमांत चालकनिहाय आकडे काढण्याची, चांगल्यांचा गौरव करण्याची व मागे पडणाऱ्यांना समज देण्याची पद्धत रूढ झाली. तिचा उपयोग नाकारता येत नाही, कारण एकाच गाडीवर व एकाच मार्गावर दोन हातांत फरक पडतो हे खरेच आहे. परंतु षष्ठी बदलली की जबाबदारीही बदलते. जीर्ण नोझल, दाटीचा मार्ग आणि उभ्या प्रवाशांचा भार हे सारे त्या एका विभक्तीप्रत्ययाखाली झाकले जाते.

हे तीन प्रयोग एकामागून एक आले, असे आमचे म्हणणे नाही. ते आजही एकत्र नांदतात, किंबहुना एकच मनुष्य तिन्ही वापरतो. मात्र कागदाने निवड केली ती तिसऱ्याची, आणि बचतीचा उपदेश त्या कागदाबरोबर प्रवास करू लागला.

(६)

अटी गाळल्याने काय होते हे पाहण्यास सातपूरहून फार दूर जावे लागत नाही. नाशिकहून मुंबईस जाणाऱ्या रस्त्यावर इगतपुरीनंतर कसारा घाट आहे. जुन्या लेखनात त्याला थळ घाट म्हणत. मुंबईकडून भरून येणाऱ्या ट्रकने हा घाट चढताना वरचा गिअर लवकर टाकला, तर फेरे क्षणात टॉर्कच्या टापूखाली जातात आणि पुन्हा खालचा गिअर घ्यावा लागतो. प्रत्येक बदलात क्लच सुटलेला असताना गाडीची गती मरते, ती पुन्हा मिळविण्यास इंधन जाते. येथे खालच्या गिअरमध्ये सलग चढणे हेच काटकसरीचे.

उतरणीचा प्रश्न याहून गंभीर आहे. वरचा गिअर जर बरा, तर गिअरच नसणे अधिक बरे, अशा तर्काने उतारावर गाडी ‘न्यूट्रल’ करून सोडण्याचा मोह होतो. हा तर्क यंत्रदृष्ट्याही चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असेल, तर चाकेच इंजिन फिरवितात आणि गव्हर्नर पंपाचा इंधनपुरवठा तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवण्यासाठी डिझेल पीत राहते. शिवाय इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. ‘ज्या गिअरने चढावे त्याच गिअरने उतरावे’ हा चालकांचा जुना दंडक याच अनुभवातून आला. आकड्याच्या धाकाने तो मोडला गेला, तर वाचलेल्या डिझेलची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागेल.

आता याच रस्त्याची दुसरी बाजू पाहा. त्र्यंबक रस्त्यावर सातपूरच्या परिसरात थांबे जवळजवळ असतात. नाशिक शहराची बससेवा पुष्कळ वर्षे एस.टी. चालवीत असे, जुलै २०२१ पासून महानगरपालिकेची ‘सिटीलिंक’ सेवा सुरू झाली. थांब्याथांब्याला गाडी शून्यापासून उचलावी लागते आणि गिअरची शिडी पहिल्या पायरीपासून चढावी लागते. लवकर वर जाण्याच्या उपदेशाला अर्थ आहे तो येथे. रस्ता सपाट, भार मध्यम आणि चढण्याचे प्रसंग असंख्य. तरीही येथे गेलेल्या शक्तीचा मोठा हिस्सा पुढच्याच थांब्यावर ब्रेकच्या उष्णतेत नाहीसा होतो, आणि तो कोणताही गिअर परत देऊ शकत नाही. पुढचा थांबा वेळीच ओळखून पाय आधी उचलणारा चालक त्यातला काही भाग वाचवितो.

सारांश, ज्या चालकाचा मार्ग घाटाचा आणि ज्याचा त्र्यंबक रस्त्याचा, त्या दोघांना एकच वाक्य सांगणे आणि एकाच आकड्याने तोलणे न्याय्य नाही. उपदेश खोटा नव्हे, त्याला स्थळ जोडलेले नाही.

(७)

अलीकडच्या काळात गाळलेले अर्धे वाक्य परत आलेले दिसते, पण ते यंत्रात. फेऱ्यांच्या तबकडीवर हिरवा पट्टा आला आणि काटा त्यात ठेवावा असे सांगितले गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा-६ ची प्रदूषण-मानके लागू झाली आणि इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले. अशा यंत्रणेला फेरे व भार दोन्ही कळतात, त्यामुळे कित्येक नव्या ट्रकांत गिअर वर न्यावा की खाली आणावा हे बाण दाखवून सुचविले जाते. काहींत तर गिअर बदलण्याचे कामही यंत्रच करते. गाडी अजून गिअर मागते, पण मागणे ऐकणारा कान आता पत्र्याच्या पेटीत बसला आहे.

शासकीय मोजमापात मात्र या क्रियेला अद्याप पुरते स्थान मिळालेले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये १२ टनांहून जड डिझेल वाहनांसाठी इंधन-वापराची मानके अधिसूचित झाली. त्यांची चाचणी ठरावीक स्थिर वेगाने गाडी चालवून घ्यावयाची आहे. स्थिर वेगात गिअर बदलण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणजे निर्मात्याची परीक्षा गिअरविना होते आणि चालकाची परीक्षा गिअरवर होते.

रस्ते आणि वाहनेही बदलत आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाटाला पर्याय मिळाला. त्याआधी १ जून २०२२ रोजी, राज्य परिवहनाच्या वर्धापनदिनी, पहिल्या गाडीच्याच पुणे–अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी बस धावली. तिच्यात चालकाने बदलावयाचे गिअरच नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांत एक कौशल्य त्या रस्त्यावर आले, त्याला आकडा चिकटला, आणि त्याच्या अस्ताची खूणही त्याच रस्त्यावर उमटली.

डबल क्लचवर शिकलेली चालकांची पिढी निवृत्त झाली आहे किंवा होत आहे. आगारांच्या दप्तरांत त्यांचे के.एम.पी.एल. सापडेल. पण कोणत्या आवाजाला त्यांनी कोणता शब्द दिला, कसाऱ्याच्या कोणत्या वळणावर कोणता गिअर धरावा असे ते नवशिक्याला सांगत, आणि आकडा कमी आला त्या दिवशी गाडीत काय बिघडले होते, हे दप्तरांत सापडणार नाही. इतिहासाच्या व भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मिळून सातपूरच्या ट्रक-तळांवर आणि नाशिकच्या आगारांत हे शब्द त्यांच्या वाक्यांसह टिपून घ्यावेत. नुसत्या शब्दांची यादी येथे उपयोगाची नाही. कर्ता कोण आणि षष्ठी कोणाला लागली हे वाक्यावाचून कळत नाही, आणि या इतिहासातील न्यायाचा प्रश्न नेमका तेवढाच आहे.